काहीच न पिणारी गाडी

कुशाबांनी तिसऱ्यांदा दार आपटलं तेव्हा शोरूमच्या काचा थरारल्या, आणि टाय बांधलेला विक्रेता अर्धं पाऊल मागे सरला.

“साहेब, हिचं दार नुसतं लोटलं तरी लागतं.”

“लागत आसंल. पण लागलं ते शेजाऱ्याला कळाया नको?”

दोष दाराचा नव्हता. कुशाबा पुण्यात आले होते तेच रागावून. खरं तर महाळुंगे पडवळमध्ये त्यांना न रागावलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. एका उन्हाळ्यात ते अंगणात ओरडले आणि खाटेवर वाळत घातलेले पापड तेलावाचून फुलले, असं त्यांचा शेजारी भिका शपथेवर सांगायचा. भिकाच्या शपथेला गावात किंमत नव्हती. पण ते पापड आपण खाल्ले, असं सांगणारी चार माणसं मात्र कधीही निघायची.

गाडी एक घ्यायची होती आणि बघणारे तिघे होते. इंद्रायणीबाई त्या मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर दोन्ही पाय लांब करून बसल्या होत्या. गुडघ्यांनी त्यांना वर्षभर छळलं होतं.

“मला हीच बरी,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “हितं पाय पसरता येत्यात.”

पलीकडे मुलगा स्वराज एका लालभडक, बसक्या गाडीत शिरून स्टिअरिंग कुरवाळत होता. गाडीच्या पाठीवर पंख लावलेला होता.

“आबा, हिची उचल बघा. पाय ठिवला की मंचर.”

“मंचरला जायाला पंख कशाला लागत्यात रं?”

तरी ते बसून बघायला गेले. आत गेले खरे, पण बाहेर यायला दोघांनी काखेत हात घालून उपसावं लागलं. विहिरीतून काढलेला माणूस काठावरच्यांकडे बघतो तसं त्यांनी पोराकडे बघितलं.

“दुकानावर मला रोज जायचंय. रोज उठून हिरीत उतरू का?”

मंचरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान होतं. विक्रेत्याने संधी साधली.

“मग ही मोठीच घ्या साहेब. एकदम आरामशीर. पेट्रोलमध्ये मिळेल, डिझेलमध्ये मिळेल.”

“तिसरं काय पिती?”

“जी?”

“पेट्रोल नको न् डिझेल नको. तिसऱ्या कशावर चालती का?”

विक्रेता हसला. समोरचा माणूस हसत नाही हे ध्यानात आल्यावर त्याने हसू गिळलं. इंद्रायणीबाईंनी डोळे उघडले आणि पसरलेले पाय हळूच जवळ घेतले. नवऱ्याच्या पोटात काय आहे ते त्यांना कळलं होतं.

त्यांच्या गावाहून मंचरला जायच्या वाटेवर पंप एकच, आणि तो गेणभाऊंचा. गेणभाऊ म्हणजे कुशाबांचे व्याही. पंपामागे त्यांचा बंगला, आणि त्या बंगल्यात कुशाबांची तेजस्विनी नांदत होती. मंचरात दुसरा पंप होता. तो गेणभाऊंच्या साडूचा.

भांडण तिच्या लग्नातलं. व्याहीभेटीला दोन्ही बापांनी मांडवाच्या मधोमध उभं राहायचं, एकमेकांना हार घालायचे, गळाभेट घ्यायची. कुशाबा हार घेऊन उभे राहिले आणि नेमकी तेव्हाच मांडवाच्या तोंडाशी कुणा पुढाऱ्याची गाडी थांबली. गेणभाऊ वळले ते त्याच्या स्वागताला पळतच सुटले. लाऊडस्पीकरवाला पुढाऱ्याचं नाव पुकारत राहिला, नाश्त्याचं सांगत राहिला, आणि कुशाबा सगळ्या भावकीदेखत हार धरून उभे. हातातल्या हातात फुलं सुकली म्हणतात. भिका तर म्हणतो, त्या फुलांना बी धरलं आणि कुशाबांनी ते दुकानात विकलं.

त्या दिवशी कुशाबांनी सांगून टाकलं: गेणभाऊच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि त्याच्या पंपावरचा थेंब गाडीत पडू द्यायचा नाही. पुढे तेजस्विनीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं; पण लेकीला न्यायला बापाने जायचं असतं. कुशाबा गेले नाहीत, आणि बाप दारात आल्याशिवाय गेणभाऊंनी सून पाठवली नाही. नात झाली, बारसं झालं, हर्षाली नाव ठेवलं, तिला दात आले, ती पावलं टाकायला लागली. इंद्रायणीबाई एसटीने जाऊन येत आणि सगळं सांगत. “मला सांगू नको,” असं म्हणून कुशाबा शेवटपर्यंत ऐकून घेत.

जुनी जीप होती तोवर ते नारायणगावाहून कॅनने डिझेल आणत. आणायला गेलेली जीप निम्मं डिझेल वाटेतच पिऊन टाकी, आणि राहिलेलं पुन्हा आणायला जाण्यात संपे. शेवटी एका ओढ्यात तिने प्राण सोडला, म्हणून ही पुण्याची फेरी.

विजेवरची गाडी त्याच दिवशी संध्याकाळी सापडली, हमरस्त्याच्या आतल्या बाजूला, एका लहानशा दुकानात. दोन दारांची, बैलाच्या वशिंडाला लागेल एवढ्या उंचीची. दुकानदार तिचे गुण सांगू लागला, तर कुशाबांनी एकच विचारलं.

“काय पिती?”

“काहीच नाही. रात्री घरी प्लग लावायचा, सकाळी निघायचं.”

“आन् पंप?”

“पंपाकडे बघायचंसुद्धा कारण नाही.”

कुशाबा हसले. इंद्रायणीबाई दचकल्या.

“आवं, मागं माणूस बसंल का भाजीची पिशवी?”

“पिशवी बसंल. माणसानं म्होरं बसावं.”

“आबा, गावात तोंड दाखवायला जागा राहनार न्हाई,” स्वराज म्हणाला. “आन् लाईटीचं काय? निम्मा दिवस आपल्याकडं भारनियमन.”

“निम्मा दिवस असती ना? तेवढी बास.”

गाडी गावात आली तेव्हा भिकाने तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या.

“कुशाबा, हिला खुराड्यात कोंडायची का गोठ्यात बांधायची?”

“गोठ्यात. प्लग तिथं हाय.”

“मंग म्हशीला तेवढं सांगून ठेवा राव. आपलंच रेडकू म्हनून चाटंल.”

पहिल्या सकाळी कुशाबा कडक फेटा बांधून निघाले. पंप जवळ आला तशी त्यांनी मान ताठ केली. गेणभाऊ खुर्ची टाकून बसलेले होते. आता हा माणूस बघणार, आपण न थांबता जाणार, आणि उद्या, परवा, जन्मभर असंच जाणार, हे त्याला कळणार, एवढ्यासाठी तर मोठ्या गाडीतलं सुख सोडलं होतं. गाडी पंपासमोरून गेली. गेणभाऊंनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

बघितलंच नाही. बघणार कसा? गाडीला आवाजच नव्हता. मांजर तरी जाताना पाचोळा वाजवतं.

तो दिवस दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना फार जड गेला. कोबीचं बी मागणाऱ्याला मेथीचं मिळालं आणि ते परत करायची छाती कुणाला झाली नाही.

दुसऱ्या सकाळपासून कुशाबांनी पंपाच्या अलीकडच्या वळणापासून जो भोंगा दाबला, तो पंप मागे पडेपर्यंत सोडला नाही. त्यातही कमी पडायला नको म्हणून भर उन्हात पुढचे दिवे लावू लागले. मग टेप बसवून घेतला आणि भजनाची कॅसेट मोठ्याने लावली. काचा मात्र वर. गेणभाऊचं वारंसुद्धा आत यायला नको. गेणभाऊ आता बघायचे. कपाळावर हात धरून, काय जातंय ते बघायचे. कुशाबा समोर बघत, घामाने निथळत निघून जायचे.

मे महिना लागला आणि विजेचं वेळापत्रक पार बिघडलं. कधी येईल, कधी जाईल, कुणालाच सांगता येईना. त्या सकाळी गाडीचा काटा निम्म्याच्या खालीच होता. इंद्रायणीबाईंनी गोठ्याच्या दारातून सांगून पाहिलं.

“आज एसटीनं जावा. भरली न्हाई ती.”

“जाऊन येन्याइतकी हाय. कुनाची वाट बघायला बसू?”

जाताना भोंगा, दिवे, भजन, सगळं नेहमीसारखं झालं. दुपारी परत येताना गाडीने मंचर सोडलं, पंपही ओलांडला, आणि पुढच्या चढावर तिचा दम सुटला. भजनाचा आवाज आधी घोगरा झाला, मग लांबला, मग बसला. कुशाबांनी पाय दाबला. काही नाही. ब्रेकवर उभे राहिले, तर मागे कांद्याने भरलेला ट्रक येऊन भोंगा वाजवू लागला, आणि त्याच्यामागे आणखी दोन. ट्रकवाल्याने खिडकीतून हात काढून खाली दाखवला. रस्ता मोकळा करायचा तर एकच जागा होती.

कुशाबांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी ट्रकांच्या कडेने मागे सरकू लागली. आवाज न करता, उतारावरून, उलट्या पावलांनी ती गेणभाऊंच्या पंपाच्या फरशीवर आली आणि पेट्रोलच्या यंत्रासमोर, नेमकी हवी तिथे, उभी राहिली.

कुशाबा काच वर करून समोर बघत बसले. उन्हाने आत चुलीवरच्या भांड्यासारखं झालं होतं. गेणभाऊ खुर्चीतून उठले, सावकाश आले, गाडीच्या एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या. शेवटी त्यांनी काचेवर बोट वाजवलं.

“पावणं, टाकी कुठंय हिची?”

“न्हाई टाकी.”

“मंग पंपावर कशाला आलाव?”

“आलो न्हाई. गाडी आली.”

“आं?”

कुशाबांनी काच बोटभर खाली केली. “धक्का द्या म्हंजे जातो.”

“कुठवर देऊ? महाळुंग्यापर्यंत?”

“लाईट हाय का तुमच्याकडं?”

“लाईट आख्ख्या तालुक्यात न्हाई. पण आपल्याकडं हाय.” गेणभाऊंनी आपल्या हाताने दोरी ओढून पत्र्याच्या खोलीतला जनरेटर चालू केला. फरशी हादरली. त्यांनी डिकीतली वायर काढून लावली आणि विचारलं, “किती येळ लागतो?”

“सहा-सात तास.”

गेणभाऊंनी हे ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला. “पेट्रोलचं गिऱ्हाईक पाच मिन्टांत जातं, पावणं. तुमी तर मुक्कामाला आलाव.”

कुशाबांचे दात एकमेकांवर घासले. पत्र्याच्या खोलीतून काळा धूर निघत होता, त्याचा वास बोटभर फटीतून आत आला. तो वास जीपच्या काळापासून ओळखीचा होता.

“हे... हे यंत्र कशावर चालतं?”

“डिझेलवर. दुसरं कशावर चालनार? आपलंच हाय, काळजी करू नका.”

कुशाबा गाडीतून बाहेर पडले. दार आपटलं. पाऊल फरशीवर ठेवलं गेलंय हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, देव जाणे. त्यांनी वायर धरली आणि हिसडा मारून प्लग काढला.

“तुमचं तेल माझ्या गाडीत जायचं न्हाई.”

“आवं पण तेल कुठं जातंय? वीज जातीय.”

“तुमच्या तेलाची वीज. सगळ्या मांडवात मला उभा केलात, इवाई. हार धरून. तुमचा त्यो पुढारी मोठा न् आमी कोन, वाजंत्री?”

“दोन-अडीच वरसं झाली, तुमचा हार आजून खाली यीना,” गेणभाऊही आता तापले. “उभं व्हता तर यायचं माझ्या मागं चार पावलं न् घालायचा गळ्यात. मी का न्हाई म्हनलो असतो?”

“मुलीचा बाप तुमच्या मागं पळत यील?”

“मुलीचा बाप मुलीला न्यायला तरी आला का?”

तेवढ्यात जमिनीवर पडलेला प्लग कुणीतरी उचलला. तेजस्विनी होती. बंगल्याच्या मागच्या दाराने येऊन ती दोघांच्या मधून गेली, कुणाकडे न बघता तिने प्लग पुन्हा लावला, आणि मग बापासमोर उभी राहिली. कपाळावरच्या शिरा बापासारख्याच. गेणभाऊ दोन पावलं मागे झाले. सून रागावली की काय होतं ते त्यांना माहीत असावं.

“काढून दाखवा आता,” ती म्हणाली.

“तेजू...”

“रोज सकाळी भोंगा वाजवून जाता. कुनासाठी? मामांसाठी? मामा कानानं कमी ऐकत्यात, आबा. त्यांना तुमचं भजनबी ऐकू येत न्हाई.”

गेणभाऊंनी पंपाकडे बघितलं.

“ऐकू येतं ते हर्षालीला. पयल्यापयल्यांदा झोपंतून दचकून उठायची, तास तास रडायची. मी तिला घिऊन वट्यावर यायची, म्हनायची, बाळा, ते तुझं आजोबा. चाललं बघ.” तिने पदर कमरेला खोचला. “आता रडत न्हाई. भोंगा आला की दाराकडं पळत सुटती. न् ती वट्यावर येस्तवर तुमी गेलेलं असता. गाडीला आवाज न्हाई, काय न्हाई. रिकामा रस्ता बघत उभी राहती.”

जनरेटर घरघरत होता. कुशाबांनी फेटा काढला, घाम पुसला, पुन्हा डोक्यावर ठेवला. तो वाकडा बसला.

“हे मला कुनी सांगितलं न्हाई.”

“आईनं सांगितलं असतं. तुमी म्हनता, सांगू नको.”

एवढं बोलून ती आत निघून गेली. कुशाबा वळले आणि गाडीत जाऊन बसले. दार या खेपेला आपटलं नाही. नुसतं लोटलं, आणि ते लागलं.

बऱ्याच वेळाने काचेच्या खालच्या कडेला पाच बोटं दिसली. मग कपाळ. मग दोन डोळे, आत काय आहे ते बघणारे. कुशाबांनी समोर बघितलं. पुन्हा बाजूला बघितलं. बोटं तिथेच होती, आणि ऊन लागून तापलेल्या पत्र्यावर होती. ते त्यांना आधी सुचलं, बाकीचं मागाहून. त्यांनी घाईघाईने काच फिरवून पार खाली केली आणि दोन्ही हात बाहेर काढले.

“चटका बसंल, ये, ये,” ते दरडावून म्हणाले. त्यांना दुसऱ्या आवाजात बोलता येत नव्हतं.

पोरगी रडली नाही. तो आवाज तिने घरातल्या घरात, आईच्या तोंडून, रोज ऐकला असावा.

मग दुपारभर गेणभाऊंच्या पंपावर काय चाललं होतं, याच्या कहाण्या भिका आजही सांगतो. तो म्हणतो, त्या दिवशी पेट्रोल भरायला थांबलेल्या गाड्यांची रांग भांडण ऐकण्यासाठी पार मंचरच्या वेशीपर्यंत गेली. तेवढं सोडून द्या. पण दोन खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, हे खरं. कुणी कुणाची माफी मागितली नाही, हेही खरं. हार कुणी घालायचा होता, आधी कोण वळलं, लाऊडस्पीकरवाला कुणाच्या गावचा होता, यावर दोन्ही व्याही उन्हं कलेपर्यंत तावातावाने भांडले, आणि हर्षाली एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर जात राहिली. मधे केव्हातरी तेजस्विनीने पाण्याचा तांब्या दोघांच्या मधे आणून आदळला. बोलून बोलून घसा कोरडा पडलेला. कुशाबांनी बोलता बोलता तांब्या उचलला, घटाघटा प्यायले, तोंड पुसलं, आणि “तसं न्हाई, इवाई,” म्हणत भांडण पुढे चालू केलं.

गाडी भरल्याचा दिवा केव्हा लागला ते दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी, मंचरची पेठ बंद असते त्या दिवशी, इंद्रायणीबाई शेण काढायला गोठ्यात गेल्या. गोठ्यातला दिवा जळत होता. त्या दिवशी वीज कशी कोण जाणे, सकाळी सकाळीच आली होती. कुशाबा गाडीजवळ वाकले होते. त्यांनी काट्याकडे बघितलं, थोडं थांबले, पुन्हा बघितलं, आणि भिंतीतला प्लग काढून वायर गुंडाळू लागले.

“आवं, लाईट हाय की अजून. भरू द्या ना पुरी.”

“लाईटवाल्यांचा काय भरवसा,” ते ओरडले. “दुकानाला उशीर व्हतोय. आन् त्या गेन्याला आज विचारनार हाय मी, लाऊडस्पीकरवाला कुनी आनला व्हता ते. सोडनार न्हाई त्याला.”

आज दुकान बंद असतं, हे इंद्रायणीबाई बोलल्या नाहीत. त्यांनी पाटी भिंतीला लावली, आत जाऊन हात-पाय धुतले, बरं लुगडं नेसल्या आणि येऊन गाडीत पुढच्या सीटवर बसल्या. गुडघे पार छातीशी आले. गाडी गावाबाहेर पडल्यावर त्यांनी काट्याकडे बघितलं. तो तळाशी लागत आला होता.

“पुरंल का?”

कुशाबांच्या कपाळावरची शीर ताडकन उभी राहिली.

“पंपापर्यंत पुरती,” ते म्हणाले.